जुनी काडतुसं अजून टिकून कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्टिनी-हेन्री, .४५० एक्स्प्रेस, .४५-७०, आपल्याकडचं .३१५. ह्यातली बरीचशी नावं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कॅटलॉगमधली. फौजांकडची फौजांनी केव्हाच टाकली, बऱ्याच मोठ्या कारखान्यांनी यंत्रं दुसऱ्या कामाला लावली. तरीही जगात कुठे ना कुठे दर रविवारी कोणीतरी ती उडवत असतं. रेंजवर आणि शस्त्रसंग्रहालयांत लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आजोबांच्या पेटीत काडतूस सापडलं म्हणून हे पान उघडलं असेल, तर थेट खालच्या ‘घरात सापडलं’ ह्या प्रश्नाकडे जा. बाकीचं नंतर वाचा.

जुनं काडतूस म्हणजे किती जुनं?

वयावर जाऊ नका. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं. त्याच्या रायफलीत होतं .२२ लाँग रायफल, म्हणजे १८८७ चं काडतूस. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली तीही ह्याच काडतुसावर. हे .३०३ (थ्री-नॉट-थ्री) पेक्षा थोडं थोरलंच आहे, पण त्याला जुनं कोणी म्हणत नाही, कारण ते रोज ढिगाने बनतं. ज्याची नियमित पैदास थांबली आणि जे मिळवायला खटपट करावी लागते, ते जुनं. ह्या पानापुरती हीच व्याख्या.

काडतूस बंद कशामुळे पडतं? नवं चांगलं निघालं म्हणून?

क्वचित. लोकांना वाटतं की सरस काडतूस आलं की जुनं आपोआप मागे पडतं. माझ्या मते काडतुसाचं आयुष्य ठरवतात नियम, कारखान्याचा हिशेब आणि लवकर न झिजणाऱ्या बंदुका. गुणवत्तेचा नंबर बराच खाली लागतो.

.२२ शॉर्टचं पाहा. स्मिथ अँड वेसनने ते १८५७ मध्ये आणलं. धक्का अगदी कमी, म्हणून ऑलिंपिकच्या २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात ते २००४ च्या अथेन्सपर्यंत टिकलं. मग नियम बदलला, तिथे .२२ लाँग रायफल सक्तीचं झालं आणि जवळजवळ दीडशे वर्षांच्या काडतुसाचं मोठं गिऱ्हाईक एका फटक्यात गेलं. काडतुसात काहीच बिघडलं नव्हतं.

उलट उदाहरण .३७५ हॉलंड अँड हॉलंडचं. हे १९१२ चं आहे. आफ्रिकेतल्या अनेक देशांत हत्ती, रानम्हशीसारख्या जनावरांसाठी किमान एवढ्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) रायफल असावी असा नियम आहे. तो नियम आहे तोवर ह्याला मरण नाही.

नावातल्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा?

एक पद्धत नाही, म्हणूनच गोंधळ होतो. .४५०, .३०३ हे नळीच्या आतल्या व्यासाचे इंचातले आकडे. तेही ढोबळ. .३०३ ची गोळी प्रत्यक्षात .३११ इंचाच्या आसपास असते, कारण नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा असतात; नाव खाचांमधल्या उंचवट्यांच्या अंतरावरून पडलं आणि गोळी खाचांत बसावी लागते. अमेरिकेच्या .४५-७० मधले ७० म्हणजे काळ्या दारूचं (जुन्या, धूर करणाऱ्या बारुदीचं) ग्रेन ह्या बारीक मापातलं वजन. .५७७/४५० म्हणजे .५७७ ची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) तोंडाशी आवळून .४५० ची गोळी बसवलेली. युरोपात ७×५७ म्हणजे सात मिलिमीटर बोअर आणि ५७ मिलिमीटर लांब पुंगळी.

आपली बाराबोर सगळ्यांत जुन्या हिशेबाची. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एकीचा जो व्यास, तो नळीचा. साधारण साडेअठरा मिलिमीटर. आकडा वाढला की नळी लहान. ह्याच हिशेबाने चोवीस बोअर .५७७ इंचाच्या अगदी जवळ येते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ब्रिटिशांनी भारतात .४५० वर बंदी घातली होती, हे खरं?

खरं. जुन्या काडतुसांच्या इतिहासातला माझ्या मते सगळ्यांत रंजक प्रसंग हाच.

१८७१ मध्ये ब्रिटिश फौजेने मार्टिनी-हेन्री रायफल घेतली. तिचं काडतूस .५७७/४५०: काळी दारू आणि ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची शिशाची गोळी. पुढे .३०३ आली, मार्टिनी मागे पडली, पण ती नाहीशी झाली नाही. वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे चोरलेल्या, विकत घेतलेल्या आणि खैबरच्या आसपासच्या लोहारांनी हुबेहूब घडवलेल्या मार्टिनी भरपूर होत्या. अडचण होती दारूगोळ्याची.

इकडे १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस आणलं. दारू नवी, धूर न करणाऱ्या कॉर्डाइटची. गोळी तीच ४८० ग्रेनची, पण वेग सेकंदाला साडेसहाशे मीटर. मार्टिनीचा होता चारशेच्या आसपास. वाघ, गवा, हत्तीसाठी दुनळी .४५० ही साहेबलोकांची आणि संस्थानिकांची आवडती झाली. गोळीचा व्यास आणि वजन मात्र मार्टिनीच्या जवळचं. शिकाऱ्यांचा माल वाटेत लुटला गेला आणि त्यातल्या गोळ्या सरहद्दीवरच्या मार्टिनीत गेल्या तर काय, ह्या धास्तीने १९०७ च्या सुमारास भारत आणि सुदानमध्ये .४५० बोअर खासगी वापरासाठी बंद झाली.

बंदूकवाल्यांनी काय केलं? .४५० नको तर .४७० घ्या. जोसेफ लँगचं .४७०, हॉलंडचं .५००/४६५, वेस्टली रिचर्ड्सचं .४७६, जेफरीचं .४७५ नंबर २. सगळ्यांची ताकद जवळपास तीच, फक्त व्यास वेगळा. पुढे बंदी उठली, तोवर उशीर झाला होता. त्यांतलं .४७० आजही कारखान्यांत बनतं आणि एकेक काडतूस दहा डॉलरच्या पुढे विकलं जातं. त्याची जन्मकथा शोधायला निघालात तर शेवटी खैबर खिंडीत पोचाल.

जिम कॉर्बेटची रायफल कुठली होती?

एकच नव्हती. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यावर १९०७ मध्ये त्याला रिग्बीची .२७५ भेट मिळाली, तीच सर्वांत प्रसिद्ध. रिग्बीचं .२७५ म्हणजे जर्मन माउझरचं ७×५७, इंग्रजी नाव लावलेलं. ती रायफल आता पुन्हा रिग्बीकडे आहे. मोठ्या कामासाठी त्याच्याकडे दुनळी .४५०/४०० होती. ७×५७ अजूनही युरोपात सर्रास मिळतं, तेव्हा ते ह्या पानाच्या यादीत बसत नाही. पण हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच.

मार्टिनी-हेन्री आज कोण चालवतं? काडतुसं आणतात कुठून?

ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथले हौशी लोक. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या बिस्लीच्या रेंजवर ‘ट्रॅफल्गार’ नावाची जुन्या शस्त्रांची वार्षिक स्पर्धा होते. तिथे व्हिक्टोरिया राणीच्या काळापासूनच्या रायफली बाहेर पडतात.

२००३ मध्ये ह्या छंदाला अचानक बहर आला, तो आपल्या शेजारून. काठमांडूच्या जुन्या राजवाड्यात, लगन सिलेखान्यात, नेपाळी फौजेने पिढ्यानपिढ्या जमवलेल्या हजारो बंदुका पडून होत्या. अमेरिकेतल्या दोन व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या आणि मार्टिनी-हेन्री, स्नायडर (मार्टिनीच्या आधीची .५७७ ची फौजी रायफल) वगैरे एकदम बाजारात आल्या. धूळ-ग्रीस पुसून पाहिलं तर कित्येक चालू स्थितीत. हजारो लोकांच्या हाती रायफल आली आणि काडतूस कुठेच नाही.

उपाय निघाला चोवीस बोअरच्या पितळी काडतुसातून. शॉटगनसाठी ब्राझीलमध्ये बनणारी ही पुंगळी .५७७ च्या जवळची, हे वर पाहिलंच. साच्यांतून टप्प्याटप्प्याने दाबून तिचं तोंड .४५० ला आवळलं की मार्टिनीची पुंगळी तयार. स्नायडरला तर आवळण्याचीही फारशी गरज नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी बनलेला माल, झुलूंविरुद्धच्या लढाईतली इंग्रजी रायफल आणि नेपाळी साठा, अशी ही जुळणी आहे.

पुंगळी आवळणं एवढं सोपं असतं का?

नाही. पितळ दाबलं की कडक होतं आणि तडकतं. म्हणून तोंडाकडचा भाग ठरावीक तापमानाला तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. बूड मात्र तापता कामा नये. बूड मऊ पडलं की दाबाखाली फाटतं आणि वायू नेमबाजाच्या तोंडावर येतो. पुंगळीला शेवटचा आकार बंदुकीतच मिळतो: पहिल्या बारात ती फुगून त्या विशिष्ट बंदुकीच्या मापाची होते. त्यामुळे अनेक जण प्रत्येक रायफलीच्या पुंगळ्या वेगळ्या डब्यात ठेवतात. ज्यांना हे जमत नाही ते तयार पुंगळ्या घेतात. ऑस्ट्रेलियातली बर्ट्रम ही कंपनी अशा अनाथ मापांसाठीच ओळखली जाते.

सगळ्यांत अवघड रिमफायर. .२२ सारखी जी काडतुसं कडेवर ठोकली जातात, त्यांचा पेटणारा मसाला बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो. इतर काडतुसांसारखी बुडाच्या मधोमध बसवलेली, मसाल्याची वेगळी टोपी नसते. असं मोठ्या मापाचं काडतूस कारखान्याने बंद केलं की घरच्या साच्यात ते निघत नाही. स्वित्झर्लंडची १८६९ ची व्हेटरली ह्याच कारणाने मुकी झाली. तिच्या शौकिनांनी बंदुकीचाच ठोका मध्यावर आणला, म्हणजे काडतुसासाठी रायफल बदलली.

काळ्या दारूचा हट्ट कशासाठी? धूर, घाण, गंज...

कारण बंदूक तिच्यासाठीच बनली. काळी दारू एका ठरावीक वेगापलीकडे जळत नाही. धूरविरहित दारू बंद जागेत दाब वाढला की आणखी वेगाने जळते आणि दाब आणखी वाढतो. १८७० च्या पोलादाला ते सोसत नाही. ‘थोडीशीच घालू’ म्हणणाऱ्यांनी जगभर नळ्या फोडून घेतल्या आहेत. दिसायला सारखी दोन भुकटी, म्हणून घोटाळा होतो.

घाण होते हे खरं. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळून घट्ट काजळी आणि धूर होतो, आणि ती काजळी दमट हवेत ओलावा धरून नळी खाते. जुन्या फौजी रिवाजाप्रमाणे नळीत गरम पाणी ओतूनच रायफल ठेवायची. काही लोकांना तो वासच प्रिय असतो. त्यांच्याशी वाद घालू नये.

अमेरिकेत ह्याचं एवढं वेड का?

कायदे सैल आणि बाजार मोठा, हे झालंच. पण तिथे त्यांनी जुन्या काडतुसांभोवती खेळ उभे केले. .४५-७० हे १८७३ चं फौजी काडतूस. काळ्या दारूच्या रायफलींची सिल्हूट स्पर्धा १९८० च्या दशकात सुरू झाली. लोखंडी कोंबडी २०० मीटरवर, डुक्कर ३००, टर्की ३८५ आणि मेंढा ५०० मीटरवर. आदळून पडला तरच गुण. ५०० मीटरवरचा मेंढा जड, संथ शिशाच्या गोळीने पाडायचा म्हणजे वारा वाचता आला पाहिजे. गोळी इतका वेळ हवेत असते की बार झाल्यावर लोखंडाचा आवाज यायला थांबावं लागतं.

१९८७ मध्ये काउबॉय नेमबाजीची संघटना निघाली. टोपी, बूट आणि एकोणिसाव्या शतकातली किंवा त्या धाटणीची शस्त्रं सक्तीची. नाटकीपणा बराच. पण त्यामुळे १८७३ चं .४४-४० पुन्हा कारखान्यात आलं आणि इटलीत जुन्या बंदुकांच्या नव्या प्रती बनवणाऱ्यांची चांदी झाली. खेळाचं नियमपुस्तक काय करू शकतं ते इथे दिसतं.

इंग्लिश काडतुसांचं काय? किनॉक बंद झालं ना?

किनॉक हे काडतुसांचं साम्राज्यभर चाललेलं इंग्लिश नाव. भारतातल्या शिकारखान्यांत त्याचे लाल-पिवळे डबे असायचे. १९७० च्या सुमारास त्यांनी मोठ्या रायफल काडतुसांचं काम थांबवलं, आणि .४१६ रिग्बीसारख्या (१९११) रायफली अक्षरशः भिंतीवरच्या शोभेच्या झाल्या. १९८० च्या दशकाअखेर अमेरिकेच्या फेडरल कंपनीने .४१६ पुन्हा काढलं. पुढच्या दशकात इंग्लंडच्या सफोक परगण्यात परवाना घेऊन किनॉकच्याच नावाने उत्पादन सुरू झालं. मधली वीस वर्षं थोड्या हट्टी लोकांनी हाताने गोळ्या वळून काढली. ती काढली नसती तर कारखान्यांना परत यायला गिऱ्हाईकच उरलं नसतं.

भारतात थ्री-नॉट-थ्री परवान्यावर मिळते का?

सामान्य परवान्यावर नाही. ती फौजी बोअर, म्हणून निषिद्ध वर्गात. विरोधाभास असा की पोलिसांकडे ती आत्ताआत्तापर्यंत होती. २६/११ ला सीएसटीवर आपल्या शिपायांच्या हातात हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

मग .३१५ काय आहे?

ह्याच बंदीचं अपत्य. फौजी बोअर नागरिकांना द्यायची नाही, पण रायफल तर विकायची, म्हणून इंग्रजांच्या काळात ली-एनफिल्डच्या सांगाड्यावर .३१५ बोअर बसवली. काडतूस बांधणीने ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ८×५०आर मानलिखरचं भावंड, १८९० च्या सुमारासचं. खुद्द ऑस्ट्रिया आणि हंगेरीने १९३० च्या दशकात आपल्या बहुतेक रायफली दुसऱ्या मापाला बदलून घेतल्या. तिथे आज मूळ काडतूस शौकिनांना हुडकावं लागतं. बंगालच्या इशापूर कारखान्याने मात्र स्वातंत्र्यानंतरही .३१५ रायफल बनवत ठेवली आणि उत्तर भारतात ती घरोघरी गेली. साम्राज्य गेलं, भीतीचं कारण गेलं, बोअर राहिली. कोणी छंद म्हणून तिला जपलं नाही. फाइलने जपलं.

.३२ रिव्हॉल्व्हरचीही थोडी अशीच गोष्ट. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे १८९६ चं. कानपूरला बनणारी परवान्याची रिव्हॉल्व्हर त्याच मापाची, २०१४ ची ‘निर्भीक’सुद्धा. स्वसंरक्षणासाठी जगाने हे काडतूस कधीच सोडलं. पण २५ मीटर सेंटर फायर (ठोका बुडाच्या मध्यावर पडणाऱ्या काडतुसांच्या) स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर बोअर चालते, आणि अव्वल नेमबाज कमी धक्क्याचं म्हणून .३२ निवडतात. २००६ च्या दोहा एशियाडला जसपाल राणाने ५९० गुणांनी विश्वविक्रमाची बरोबरी केली ती ह्याच प्रकारात.

काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ कोरलंय. म्हणजे काय?

किरकी फॅक्टरी, म्हणजे आपली पुण्याची खडकी. १८६९ चा कारखाना. जगभरच्या संग्राहकांना ही दोन अक्षरं ओळखीची आहेत, कारण ब्रिटिश फौजेबरोबर ती सगळीकडे गेली. ‘ओएफव्ही’ असेल तर जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव. सोबत वर्षाचे आकडे असतील तर तारीखही कळते. दोन्ही कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडियाखाली आहेत.

घरात आजोबांचं काडतूस सापडलं. काय करू?

घासू नका, ठोकू नका, गोळी उपटून पाहू नका, चुलीत किंवा विहिरीत टाकू नका. शंभर वर्षांची काळी दारू कोरडी राहिली तर आजही पेटते, आणि जुन्या टोपीतला मसाला कसा वागेल ह्याचा नेम नसतो. फोटो काढून ओळखीच्या ग्रुपवर टाकण्याचा मोह आवरा.

बिनपरवाना एक जिवंत काडतूस ठेवणंही शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये वाट दिली आहे: ताबा कायदेशीर राहिला नसेल तर शस्त्र-काडतूस जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. आधी ठाण्यात फोन करा, काय सापडलं ते सांगा, जमल्यास त्यांनाच घरी बोलवा. आजोबांचा जुना परवाना असेल तर तो हाताशी ठेवा. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बाराबोर किंवा ठासणीची बंदूक असलेली घरं अजून बरीच आहेत. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा होतात, पण माळ्यावरच्या डब्यातली काडतुसं कोणाच्या ध्यानात नसतात. परवानाधारक वारले की बंदुकीबरोबर त्यांचीही नोंद लावून घ्या.

नुसत्या रिकाम्या पुंगळ्या जमवल्या तर?

इथे घाई करू नका. कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. परदेशी संकेतस्थळावरून ‘निरुपद्रवी’ म्हणून मागवलेला माल कस्टममध्ये अडकू शकतो. घरी काडतूस भरणं तर भारतात परवान्याशिवाय उत्पादन ठरतं, कलम ५. वर सांगितलेला आवळण्या-भरण्याचा छंद परदेशातला, तिथल्या कायद्याखालचा आहे. अमेरिका-ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींनीही आपल्या राज्याचा नियम पाहावा आणि सुट्टीत येताना काही ‘आठवण म्हणून’ आणू नये.

मग इथे राहून हा नाद करायचा कसा?

नेमबाजी शिकायची असेल तर रायफल क्लब आणि .२२, हा सरळ रस्ता. पुण्यात बालेवाडीची रेंज आहे. शिकार डोक्यातून काढून टाका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय संपला. जुन्या काडतुसांचा अभ्यास मात्र बंदूक हातात न घेताही होतो: संस्थानांची संग्रहालयं, जुने कॅटलॉग, बुडावरच्या खुणा. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये गेलात तर पेंढा भरलेल्या वाघापुढे गर्दी असते. शस्त्रांच्या कपाटांपुढे निवांत उभं राहता येतं.

विमानतळावर बॅगेत एखादं काडतूस निघालं तर खरंच अटक होते?

गुन्हा नोंदवला जातो, हे नेहमी घडतं. बहुतेक वेळा वडिलांची किंवा काकांची बॅग असते आणि आतल्या कप्प्यात .३२ चं एक काडतूस राहिलेलं असतं. ताबा जाणीवपूर्वक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच म्हटलं आहे, आणि त्या आधारावर उच्च न्यायालयं असे गुन्हे रद्दही करतात. पण तोवर विमान गेलेलं असतं, वकील लावावा लागतो आणि पासपोर्टच्या पडताळणीत तो गुन्हा वर येतो. ज्या घरात परवाना आहे तिथे रेंजची किंवा शेतावरची बॅग प्रवासाला घेऊच नये, आणि उसनी आणलेली बॅग भरण्याआधी सगळे कप्पे उलटे करून झटकावेत.